गौरीच्या पानाची डावी बाजू, चव न घेता

गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळीचं कौतुक सगळेच करतात, पण पान रंगतं ते डाव्या बाजूने. पुरण गोड, वर तुपाची धार. दुसऱ्या पोळीपाशी जीभ आंबट-तिखट मागायला लागते, आणि तेव्हा कोपऱ्यातली चटणी-कोशिंबीर नीट नसेल तर माणूस तिसरी पोळी घेत नाही.

या दिवशीची खरी अडचण निराळीच असते. नैवेद्य दाखवेपर्यंत काही तोंडात घालायचं नाही. मीठ कमी का जास्त, काही कळायला मार्ग नाही. म्हणून आमच्या साताऱ्याच्या घरात सासूबाईंनी डाव्या बाजूची मापं ठरवून ठेवली आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तीच इथे देते आहे. वीस-बावीस पानांची मापं आहेत. वाटी आमटीची, साधारण दीडशे मिलीची. चमचा चहाचा आणि मिठाचा चमचा नेहमी सपाट, वर शीग नको. मीठही रोजच्या पाकिटातलंच घ्या. खडेमीठ त्याच चमच्यात कमी बसतं.

आमच्या उभ्याच्या गौरी. अनुराधा नक्षत्रावर येतात, त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि पुरणावरणाचं जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे डाव्या बाजूची अर्धी तयारी शेपू-भाकरीच्या संध्याकाळीच उरकता येते. कांदा-लसूण अर्थातच नाही.

सगळ्यात आधी पंचामृत. पूजेचं दूध-दह्याचं नव्हे, मिरच्यांचं. हे आदल्या संध्याकाळीच करा, रात्रभर मुरल्यावर खरं लागतं. दीडशे ग्रॅम पोपटी, कमी तिखट मिरच्या बोटाच्या पेराएवढ्या चिरायच्या. एक वाटी शेंगदाणे दोन तास भिजवायचे. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप अर्धी वाटी. अर्धी वाटी तीळ कोरडे भाजून कुटायचे, पण पीठ करायचं नाही, थोडी भरड ठेवायची. चिंचेचा दाट कोळ एक वाटी, चिरलेला गूळ दीड वाटी, अडीच चमचे मीठ, दोन चमचे गोडा मसाला.

जरा सढळ तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. मेथी तांबूस झाली की लगेच मिरच्या घाला, काळी पडू देऊ नका. मिरच्यांचा रंग फिका होऊन त्यांवर पांढरट फोड दिसले की दाणे आणि खोबरं परता, मग कोळ आणि तीन वाट्या पाणी. चिंच चांगली उकळून कच्चा वास गेल्यावरच गूळ घाला. गूळ आधी पडला तर दाणे शिजत नाहीत, दातांखाली कचकच लागतात. मीठ आणि मसाला गुळाबरोबरच. तिळाचा कूट सगळ्यात शेवटी. त्याने रस दाटतो आणि दोन मिनिटांत कडेला तेल सुटायला लागतं. तिथे गॅस बंद. गार झाल्यावर आणखी आळतं, त्यामुळे कढईत थोडं पातळ दिसलं तरी घाबरू नका. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा. चिंच आहे, पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवायचं नाही.

आदल्या रात्रीचं दुसरं काम म्हणजे अळूवडीचे उंडे. काळ्या देठाची बारा मध्यम पानं, शिरा लाटण्याने दाबून सपाट करायच्या. तीन वाट्या बेसन, तीन चमचे तांदळाची पिठी, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, तीळ, दीड चमचा मीठ. चार पानांचा एक, असे तीन उंडे, वीस-पंचवीस मिनिटं वाफवून गार करून फ्रीजमध्ये. सकाळी कापा, पानं वाढायच्या वेळी तळा. गरम उंडा कापायला गेलात तर पदर सुटतात.

काकडीचा प्रश्न चव न घेता सोडवणं सगळ्यात कठीण. एक कडू काकडी निघाली की सगळी कोशिंबीर वाया. कडवटपणा देठाकडे जास्त असतो. म्हणून आदल्या रात्रीच प्रत्येक काकडीची देठाकडची चकती कापायची आणि ती खाऊन बघायची. तेव्हा नैवेद्याचा दिवस उजाडलेला नसतो, त्यामुळे आमच्याकडे हे चालतं. कडू निघेल ती बाजूला. बाकीच्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

सकाळी दीड किलो काकडी सोलून चोचवायची. किसायची नाही, किसली की पाणी-पाणी होते. काकडी डाव्या हातात उभी धरा, सुरीने तोंडाशी उभे-आडवे जवळजवळ वार करा, मग वरचा भाग पातळ कापत जा. बारीक, कोरडे, कुरकुरीत तुकडे पडतात. बिया फार मोठ्या असतील तर मधला गर काढून टाका. जाऊबाई आणि मी समोरासमोर बसून हे करतो. गप्पा मारत अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास मला फार आवडतो.

त्यावर दीड वाटी दाण्याचा जाडसर कूट, एक वाटी ओलं खोबरं, तीन चमचे साखर, कोथिंबीर. फोडणी तुपाची: जिरं, हिंग, पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे तुकडे. अडीच चमचे मीठ आणि दोन लिंबांचा रस वाटीत काढून झाकून ठेवा. आरतीला उभं राहण्याआधी नैवेद्यापुरत्या कोशिंबिरीत त्यातलं थोडंसंच कालवा, बाकीचं उरलेल्या कोशिंबिरीत पंगत बसताना. मीठ लागल्यावर काकडीला पंधरा मिनिटांत पाणी सुटतं.

दुसरी कोशिंबीर करायची तर दह्यातली हवी. माझी पसंती लाल भोपळ्याच्या भरताला. एक किलो भोपळा सालासकट कुकरमध्ये, थेट पाण्यात न घालता, दोन शिट्ट्या. गर काढून कुस्करा, दोन चमचे मीठ, दोन चमचे साखर, मोहरी-मेथी-हिंग-मिरचीची फोडणी. तीन वाट्या दही मात्र आयत्या वेळी. मेथीचा जरासा कडवटपणा गोडाच्या पानात हवाच.

चटणी ओल्या नारळाची. मोठा नारळ खोवून चार-पाच वाट्या, कोथिंबिरीची जुडी, सहा मिरच्या, बोटाएवढं आलं, एक चमचा जिरं, दीड चमचा मीठ, दोन चमचे साखर, एक लिंबू. पाणी जेमतेम, मिक्सर फिरण्यापुरतं. पानावर वाढल्यावर चटणी जागेवर बसली पाहिजे, पसरून लिंबाखाली शिरता कामा नये. वाटण्याआधी मूठभर खोबरं बाजूला काढून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

लोणचं उन्हाळ्यात घातलेलं लिंबाचं, कुरडया-पापडही उन्हाळ्यातले. तेल चांगलं तापू द्या, कमी तापलेल्या तेलात कुरडई आत कच्ची राहते. सकाळी तळून, पूर्ण गार करून डब्यात भरा.

वाढताना केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ, तिथून डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, भरत, लोणचं, पंचामृत, मग वडी आणि कुरडई-पापड. सगळं चमच्या-चमच्यानेच. ढीग घातला की एकमेकांत मिसळतं.

नैवेद्य दाखवून झाला की पंगत बसेपर्यंत पाच-दहा मिनिटं मिळतात. त्या वेळात एकेक चव बघून घ्या. चटणी खारट वाटली तर ते मूठभर खोबरं आणि थोडं लिंबू घाला. भरतात आणखी दही. पंचामृत जास्त तिखट झालं असेल तर गुळाचा खडा आणि चमचाभर तिळाचा कूट घालून एक उकळी. कोशिंबिरीत मीठ जास्त झालं तर एखादी न चोचवलेली काकडी हाताशी असू द्या. मीठ कमी पडलं असेल तर काही करू नका, पानात वर मीठ वाढलेलं आहेच.