प्रिस्क्रिप्शनचा डेटा: बघायचा कसा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा कसा

"आपले डॉक्टर औषधं कशी लिहितात ते डेटातून बघूया" असं म्हणून काम सुरू केलं की ते हमखास फसतं. यातून ढीगभर कॉलमची एक एक्सेल शीट तयार होते, मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि पुढच्या महिन्यात ती शीट कोणी उघडतही नाही. प्रश्न एवढा बारीक घ्या की तो एका वाक्यात मावला पाहिजे. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक किती वेळा दिलं गेलं? पोटात अल्सर होऊन गेलेल्या पेशंटला पेनकिलर दिली आणि सोबत पोट सांभाळणारी गोळी दिलीच नाही, असे किती जण? 75 च्या पुढचे पेशंट बीपीसाठी एसीई इनहिबिटर गटातली गोळी घेतायत पण गेल्या 15 महिन्यांत किडनीची तपासणीच झालेली नाही, असे किती? हे शेवटचे दोन प्रश्न माझे नाहीत, इंग्लंडमध्ये 72 जीपी प्रॅक्टिसेसमध्ये (म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत) पिन्सर नावाची ट्रायल झाली, 2012 ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, त्यातले आहेत, आणि असे तयार तपासून घेतलेले प्रश्न उचलण्यात काहीही कमीपणा नाही.

अगदीच सुरुवात असेल, सॉफ्टवेअर नसेल, सगळं कागदावर असेल, तर डब्ल्यूएचओचे 1993 चे इंडिकेटर अजून कामाचे आहेत. एका भेटीत सरासरी किती औषधं, त्यातली जेनेरिक नावाने किती, आवश्यक औषधांच्या यादीतली किती, किती भेटींत अँटिबायोटिक, किती भेटींत इंजेक्शन. एका क्लिनिकपुरतं बघायचं असेल तर 100 भेटी पुरतात, फक्त त्या वर्षभरातून विखरून निवडा, एकाच आठवड्याच्या गठ्ठ्यातून नको.

आता डेटा कुठून येतो ते नीट समजून घ्या, कारण लिहिलेलं औषध, दुकानातून घेतलेलं औषध आणि पोटात गेलेलं औषध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिनिकचं सॉफ्टवेअर पहिली सांगतं, फार्मसीचा किंवा विम्याचा डेटा दुसरी, तिसरी कोणीच सांगत नाही. इंग्लंडमध्ये कुठल्या जीपी प्रॅक्टिसचं कुठलं औषध किती गेलं हे दर महिन्याला जाहीर होतं आणि ऑक्सफर्डच्या टीमने बनवलेल्या ओपनप्रिस्क्रायबिंगवर ते कोणीही चार्टमध्ये बघू शकतं, भारी काम आहे, पण त्या डेटात ना पेशंट आहे ना निदान, म्हणजे एखाद्या प्रॅक्टिसमधून ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक खूप जातंय हे कळतं, कोणाला आणि कशासाठी ते नाही.

मग येते साफसफाई. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एकच अमॉक्सिसिलिन कुठे "अमॉक्सी 500", कुठे ब्रँडच्या नावाने, कुठे स्पेलिंग चुकवून लिहिलेलं असतं, आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडसोबतचं कॉम्बिनेशन त्यातच घुसलेलं असतं, जे वेगळं मोजायला हवं. एक मॅपिंग टेबल बनवा, डाव्या बाजूला डेटात जसं नाव आलंय तसं, उजवीकडे एटीसी कोड, म्हणजे डब्ल्यूएचओच्या औषध-वर्गीकरणातला कोड. त्या कोडमध्ये जे01 ने सुरू होणारं सगळं म्हणजे पोटातून किंवा इंजेक्शनने दिलेली अँटिबायोटिक, त्यामुळे मलमं आणि डोळ्यांचे ड्रॉप्स आपोआप बाजूला पडतात. अँटिबायोटिकच बघत असाल तर अजून एक कॉलम टाका, डब्ल्यूएचओच्या अवेअर वर्गीकरणाचा: अ‍ॅक्सेस (आधी वापरायची), वॉच (रेझिस्टन्सचा धोका जास्त म्हणून जपून वापरायची), रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची). अमॉक्सिसिलिन अ‍ॅक्सेसमध्ये, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम वॉचमध्ये. 2024 ला संयुक्त राष्ट्रांत ठरलेलं जागतिक टार्गेट आहे की 2030 पर्यंत माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकमधली किमान 70 टक्के अ‍ॅक्सेस गटातली असावीत. कधीकधी एकूण आकडा तेवढाच राहतो पण वॉचकडून अ‍ॅक्सेसकडे सरकतो, आणि ती सुधारणाच आहे, हा कॉलम नसेल तर दिसणारच नाही.

डीडीडी वापरणार असाल तर जपून. डीडीडी म्हणजे मोठ्या माणसाचा दिवसाचा ठरवून घेतलेला सरासरी डोस. अमॉक्सिसिलिनचा डीडीडी आधी 1 ग्रॅम होता, 2019 पासून 1.5 ग्रॅम केला. 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच दिवस, म्हणजे 7.5 ग्रॅम. जुन्या हिशोबात हे 7.5 डीडीडी, नव्यात 5. डॉक्टरांनी काहीही बदललं नाही तरी तुमच्या चार्टवर वापर एक तृतीयांशाने घसरलेला दिसणार आणि कोणीतरी टाळ्या वाजवणार! त्यामुळे पूर्ण मालिका एकाच व्हर्जनवर मोजा. आणि लहान मुलांसाठी डीडीडी वापरूच नका, तिथे सरळ किती प्रिस्क्रिप्शन गेली ते मोजा.

आता खरा मुद्दा, ज्यावर माझ्या मते अर्ध्याहून जास्त प्रोजेक्ट आपटतात. छेद. अंश सगळे मोजतात, अँटिबायोटिकची 340 प्रिस्क्रिप्शन, पण कशाच्या मागे 340? एका डॉक्टरांकडे लहान मुलं जास्त येतात, दुसऱ्यांकडे डायबिटीसचे फॉलोअप जास्त, दोघांचं "100 भेटींमागे अँटिबायोटिक" शेजारी ठेवलं की पहिले डॉक्टर उगाच गुन्हेगार ठरतात. वय आणि लिंगाप्रमाणे तरी वजन द्यावं लागतं, इंग्लंडमध्ये त्यासाठी स्टार-पीयू नावाचं एककच आहे. त्याहून चांगलं म्हणजे निदानाप्रमाणे छेद घेणं, पण तिथे वेगळीच गंमत होते, ती आकडे घेऊनच बघू.

समजा एका डॉक्टरांकडे महिन्यात 60 पेशंट "व्हायरल सर्दी" म्हणून नोंदले गेले आणि त्यातल्या 30 जणांना अँटिबायोटिक गेलं. 50 टक्के. शिवाय 10 जण ब्राँकायटिस-सायनसायटिस म्हणून नोंदले, त्यातल्या 8 जणांना अँटिबायोटिक. तुम्ही त्यांना सर्दीचा आकडा दाखवायला लागलात. सहा महिन्यांनी बघता तर व्हायरल सर्दीचे 35 पेशंट, त्यातल्या 7 जणांनाच अँटिबायोटिक, म्हणजे 20 टक्क्यांवर आले, वा! पण ब्राँकायटिस-सायनसायटिसचे आता 35 आणि त्यात 30 जणांना अँटिबायोटिक. एकूण धरलं तर आधी 70 पैकी 38, आता 70 पैकी 37. औषध बदललंच नाही, लेबल बदललं. यात लबाडीच असते असं नाही, अँटिबायोटिक द्यायचं ठरलं की हात आपसूक त्याला शोभेल असं निदान टाइप करतो. म्हणून पहिल्या दिवसापासून घसा, सायनस, कान, खोकला, ब्राँकायटिस सगळं एकत्र करून एकच "श्वसनमार्गाचे तीव्र आजार" असा छेद ठेवा, आणि आतली वाटणी वेगळी बघा.

छोटे आकडे ही दुसरी खोड. 20 पैकी 10 जणांना दिलं म्हणजे 50 टक्के, पण एवढ्याशा आकड्यावर 95 टक्के मर्यादा काढल्या तर खरं प्रमाण 27 ते 73 मध्ये कुठेही असू शकतं. त्यामुळे डॉक्टरांची एक ते शेवट अशी रँकिंग लावू नका, फनेल प्लॉट काढा, म्हणजे प्रत्येकाचं प्रमाण पेशंटच्या संख्येसमोर मांडून नुसत्या योगायोगाने किती फरक पडू शकतो त्याच्या रेषा आखलेला चार्ट, जे रेषेच्या खरंच बाहेर आहेत त्यांच्याकडेच बघा. आणि या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा, सीझनमुळे सर्दी-खोकला किती वरखाली होतो ते वेगळं सांगायला नको.

चार्ट तयार झाला की लगेच पाठवायचा नाही. बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांची वीसेक प्रिस्क्रिप्शन काढून एखाद्या अनुभवी डॉक्टरांसोबत हाताने वाचा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण फाइल उघडल्याशिवाय कळत नाही की ते डॉक्टर नर्सिंग होममधले म्हातारे पेशंट बघतात, किंवा सहकाऱ्याने लिहिलेलं त्यांच्या लॉगिनमधून जातंय. या टप्प्यावर पेशंटचं नाव-फोन काढून टाकलेलं असावं, जन्मतारखेऐवजी वय ठेवा. आणि हा डेटा पगार किंवा कारवाईसाठी वापरणार नाही हे वरिष्ठांकडून लेखी घ्या, नाहीतर नोंदीच बिघडायला लागतात.

डॉक्टरांपुढे ठेवायचं कसं? आधी अपेक्षा माफक ठेवा. ऑडिट करून फीडबॅक देण्यावरचा 2012 चा कॉक्रेन रिव्ह्यू (झालेल्या ट्रायल्स एकत्र करून काढलेला निष्कर्ष) 140 ट्रायल्सचा होता, त्यात मधला परिणाम 4.3 टक्के पॉइंट निघाला, म्हणजे जादू नाही, पण फुकटही जात नाही. इंग्लंडमध्ये 2014 मध्ये चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीने सगळ्यात जास्त अँटिबायोटिक देणाऱ्या 20 टक्के प्रॅक्टिसेसना एक साधं पत्र गेलं: तुमच्या भागातल्या 80 टक्के प्रॅक्टिसेस तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. सोबत काय करायचं याच्या अगदी मोजक्या सूचना. या ट्रायलमध्ये 1,581 प्रॅक्टिसेस होत्या आणि पत्र मिळालेल्यांचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा 3.3 टक्क्यांनी कमी राहिलं. एका पत्राच्या मानाने उत्तमच म्हणायचं.

त्या पत्रातून दोन गोष्टी उचलाव्यात, तुलना आसपासच्यांशी असावी आणि आकड्यासोबत लगेच करता येईल असं काहीतरी असावं. तुलना सरासरीशी मात्र नको, कारण जे आधीच सरासरीहून चांगले आहेत त्यांना ढिलं पडायला आयतं निमित्त मिळतं. 2016 ला जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या अमेरिकन ट्रायलमध्ये तुलना सगळ्यात चांगल्या 10 टक्क्यांशी केली होती. त्याच ट्रायलमधली दुसरी युक्ती मला जास्त आवडते: अँटिबायोटिक लिहिताना स्क्रीनवर कारण विचारायचं, आणि जे लिहाल ते पेशंटच्या रेकॉर्डमध्ये सगळ्यांना दिसेल असं जायचं. दोन्ही उपाय लागू पडले.

पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर टक्केवारी दाखवण्यापेक्षा यादी द्या. "तुमचे 4 टक्के पेशंट धोक्यात" ऐकून डॉक्टर हम्म म्हणतात, "हे अकरा जण, यांची गोळी तपासा" म्हटलं की पुढच्या अपॉइंटमेंटला काम होतं. पिन्सरमध्येही नुसता कॉम्प्युटरचा फीडबॅक मिळालेल्या प्रॅक्टिसेसपेक्षा जिथे फार्मासिस्ट सोबत बसून यादी मार्गी लावत होते तिथे चुका बऱ्याच जास्त कमी झाल्या.

आकडा खाली आला तरी शेजारी दुसरा चार्ट लागतोच, दोन गोष्टींसाठी. एक, औषध न मिळालेले पेशंट आठवड्याभरात परत आले का, कोणाला अ‍ॅडमिट व्हावं लागलं का. दुसरं, त्या औषधाच्या जागी काय आलं. न्यूयॉर्क राज्यात 1989 ला बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांसाठी तीन प्रतींचा खास फॉर्म सक्तीचा केला, त्या गोळ्या झपाट्याने कमी झाल्या, आणि त्याच वेळी मेप्रोबामेटसारखी जुनी, जास्त धोक्याची झोपेची आणि शांत करणारी औषधं वाढली. तुम्ही अँटिबायोटिक मोजत असाल तर स्टेरॉइडच्या गोळ्या आणि कफ सिरप, झोपेच्या गोळ्या मोजत असाल तर गुंगी आणणारी अँटिहिस्टॅमिन आणि कमी डोसची डिप्रेशनची औषधं, यांचा कॉलम पहिल्या महिन्यापासूनच ठेवा, कारण नंतर ठेवला तर आधी किती होतं ते सांगता येत नाही.