लेखन आणि वक्तृत्व मायनर म्हणून घेताना

मित्रानं घेतला म्हणून मायनर (पदवीच्या मुख्य विषयाला, म्हणजे मेजरला, जोडून घ्यायचा दुय्यम विषय) घेतला, असं कोल्हापुरातल्या कॉलेजांत सर्रास चालतं. लेखनाच्या बाबतीत ते अंगाशी येतं, कारण या विषयात परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करण्यासारखं फार काही नसतं.

आधी अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. विषयाच्या नावावर जाऊ नका. लेखनाचे पेपर मराठी, इंग्रजी किंवा पत्रकारिता अशा कुठल्याही नावाखाली असू शकतात. घटकांची यादी वाचा: ‘उगम आणि विकास’, ‘स्वरूप व वैशिष्ट्ये’ असलेच घटक जास्त असतील, तर तो लेखनाबद्दलचा पेपर आहे, लेखनाचा नव्हे. अंतर्गत गुण कशाला आहेत तेही बघा. लिहून दाखवायला आणि बोलून दाखवायला गुण असतील तर बेशक घ्या. एईसीमधला (एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, म्हणजे क्षमतावाढीचा अभ्यासक्रम) भाषेचा पेपर सगळ्यांनाच असतो, तो म्हणजे मायनर नव्हे. आणि मायनर मेजरपेक्षा वेगळ्या विषयाचा लागतो, त्यामुळे मराठी मेजर असेल तर हा विचार अर्ज भरायच्या आधीच करा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, चार क्रेडिटचा पेपर म्हणजे 60 तास. तेवढाच वेळ घरी लिहिण्यात गेला नाही तर हात वळत नाही.

आता खरा अभ्यास. ॲरिस्टॉटलनं पटवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. व्याख्या पाठ होतात, वापरता येत नाहीत. म्हणून एकच मजकूर तीन वाचकांसाठी लिहायची सवय लावा. समजा विषय पुराचा आहे. पहिला खर्डा बहुतेक असा येतो: ‘पुराची समस्या गंभीर असून प्रशासनाने योग्य उपाययोजना कराव्यात.’ यात कुणी, कधी, काय करायचं, काहीच नाही. अर्जात तेच असं लिहा: ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 43 ला रस्ता बंद होतो, त्यामुळे जनावरे हलवण्यासाठी ट्रॅक्टर 39 फुटांनाच मिळावा.’ गल्लीच्या ग्रुपवर मात्र एवढंच पुरे: ‘39 झालं की म्हशी सोडायच्या, वाट बघत बसायचं नाही.’ तिसरा मजकूर वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रासाठी लिहा. तिथं गल्लीबाहेरच्या माणसाला हा प्रश्न आपला का वाटावा, हे आधी यायला हवं. तीन मजकुरांत क्रियापदं आणि क्रम बदलले नसतील तर वाचक डोक्यात नव्हता, असं समजा.

वाचनासाठी लांब जायला नको. राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आरक्षणाचा हुकूम घ्या आणि एकेका वाक्यासमोर समासात लिहा, हे वाक्य काय काम करतं. शिक्षणप्रसाराचे प्रयत्न मागासवर्गांच्या बाबतीत पुरेसे यशस्वी झाले नाहीत, ही कबुली आधी येते. मग कारण, मग रिकाम्या जागांपैकी 50 टक्के जागांचा आदेश. शेवटी खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा, ही तरतूद. आमच्या मते या हुकुमाची खरी ताकद त्या तक्त्यात आहे. बहुतेक विद्यार्थी 50 टक्क्यांवरच थांबतात आणि अंमलबजावणीचं वाक्य सोडून देतात.

भाषणाचं थोडक्यात. पाच मिनिटांना 500 ते 550 शब्द पुरतात. हजार शब्द लिहिले की शेवटी पळापळ होते. वक्तृत्व स्पर्धेतले चढे सूर आणि सुरुवातीला शेर टाकायची खोड वर्गात उपयोगी पडत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फक्त ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ मोजा. आणि हो, बोलताना कोल्हापुरी हेल आला तर येऊ द्या. तो घालवण्यात वेळ घालवू नका.

पुनर्लेखन दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत फक्त मुद्दे आणि त्यांचा क्रम, शुद्धलेखनाला हात नाही. नाहीतर जो परिच्छेद उडवायचा आहे त्याचेच ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसाल. एक दिवस मध्ये जाऊ द्या, मग मोठ्यानं वाचून वाक्यं दुरुस्त करा. ‘करण्यात येत आहे’ दिसलं की कोण करतंय ते विचारा.

प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, जुन्यावर नवा सेव्ह करू नका. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत ‘हे का बदललं?’ असं विचारलं तर दाखवायला पहिला खर्डा हाताशी लागतो.