ई-रिक्षाची बॅटरी वर्षभरात बसते? या चुका टाळा

नागपुरात नवीन शेअर ई-रिक्षा घेतलेला माणूस वर्षाच्या आत गॅरेजला येतो तो एकच गाऱ्हाणं घेऊन, "भाऊ, बॅटरी डुप्लिकेट निघाली." झाकणं उघडली की बॅटरीची वाट कोणी लावली ते कळतंच.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते सेटमधली एकच बॅटरी बदलणाऱ्यांवर. लेड-ॲसिडच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्ट मिळतात. एक बसली की वाटतं, चारांचे पैसे कशाला घालवा? इतवारीतल्या एका चालकानं हेच केलं. गाडी उभी असताना मीटर लावला तर चारही साडेबाराच्या वर. गडी खूश. मग मागे चार जण बसवले, गाडी पुलाच्या चढावर घ्यायला लावली आणि मीटर धरून बसलो. नवी बारावर टिकून, जुन्या तिन्ही दहाकडे घसरलेल्या. चार्जरला दिसतो तो चौघींचा मिळून व्होल्टेज. थकलेल्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज लवकर चढतो, सेट भरला असं समजून चार्जर हात आखडतो आणि नवी रोज अर्धपोटी राहते. काही महिन्यांत तीही गेली. बदलायच्या तर चारही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. तेवढे पैसे नसतील तर तेवढीच वापरलेली, चालू बॅटरी शोधा.

बॅटरीत घालायचं पाणी डिस्टिल्डच. आरओचं नाही, एसीचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसल्या तर बुडतील एवढंच घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं की ॲसिड उतू जातं आणि टर्मिनल खातं. मी मे महिन्यात आठवड्यातून दोनदा झाकणं उघडतो. घाईवाल्यांना तेवढा वेळ नसतो, नवा सेट घ्यायला मात्र असतो.

बॅटरी फार उतरली की कंट्रोलर गाडी बंद करतो, तो कटऑफ बायपास करून शेवटची फेरी मारू नका.

नियमानं सवाऱ्या चारच. सहा कोंबल्या की मोटर तापते, बॅटरी बसते आणि चलान वेगळं.

"दोन तासांत फुल" म्हणणाऱ्याकडे लेड-ॲसिडची गाडी लावू नका. तिला आठ-दहा तास लागतातच, आणि तेही उघड्या हवेत. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, तिथं बिडी पेटवणाऱ्याला मी गॅरेजबाहेर काढतो.