साबणाच्या वडीवर इनुपियाट कोरकाम, घरी कसं करायचं

तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली बाईची छोटी हस्तिदंती मूर्ती आहे, ती बघून आलेलं लेकरू घरी काहीतरी कोरायला मागतंच, तेव्हा हे करून बघा. अलास्काच्या उत्तरेकडचे इनुपियाट लोक हत्तीचा नाही, वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याचा सुळा कोरतात, आणि बेरिंग समुद्राकाठी त्यांच्या पूर्वजांपासून हे काम साधारण 2000 वर्षं चालू आहे, म्हणजे आपल्या तेर-भोकरदनच्या कारागिरांच्या वेळेपासून! खरा हस्तिदंत घ्यायचाच नाही, आपल्याकडं त्याचा व्यापार बंद आहे, आणि अमेरिकेतही 1972 च्या कायद्यानं वॉलरस मारून कोरीव वस्तू विकायची मुभा फक्त अलास्काच्या मूळ रहिवाशांना आहे.

सामान घरातलंच लागतं, अंघोळीच्या पांढऱ्या साबणाची वडी, स्टीलचा चमचा, कंपासपेटीतलं कर्कटक, काजळ आणि खोबरेल. वडी कागदातून काढून दोन दिवस सावलीत ठेवा, उन्हात बिलकुल नको, आपल्याकडच्या एप्रिलमधी तिला चिरा पडतात.

आता सील नावाचा समुद्री प्राणी कोरायचा. आधी वडी हातात फिरवून बघा, डोकं कुठल्या टोकाला बसतंय ते ठरवा, कारण तिकडचे कारागीर पण सुळ्याचा बाक बघूनच आकार ठरवतात. मग चमच्याच्या कडेनं कोपरे खरवडत जा, चाकूनं जाड काप काढायला गेलं की वडी मधूनच मोडते. शेपटीकडं निमुळती करा आणि शेवटी ओल्या बोटानं गुळगुळीत करा.

खरी मजा गोल-ठिपक्यात, म्हणजे मधी ठिपका असलेल्या गोलात आहे, या कलेची ही लई जुनी खूण. कर्कटकाचं एक टोक डोळ्याच्या जागी रोवा, दुसरं दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा आणि हात न फिरवता वडीच हळूहळू फिरवा, गोल आपोआप स्वच्छ येतो. मग तसेच गोल पायांच्या सांध्यांवर काढा. तिकडं भोकं पाडायला धनुष्यानं फिरणारा सामता असायचा, त्याचं वरचं टोक दातात धरलेल्या तुकड्यात बसवायचे, एका हातानं धनुष्य ओढायचं आणि दुसऱ्या हातात वस्तू घट्ट धरायची, म्हणजे जबडा सुद्धा कामाला!

काजळात दोन थेंब तेल घालून रेषांमधी भरा, तासभर थांबा आणि वरचा काळा थर चमच्यानं हलका खरवडा, रेषेत तेवढं काळं राहतं. ते लोक पण रेषांत काजळीच भरायचे.

ते लोक शिकारीच्या भाल्याच्या टोकावर पण नक्षी कोरायचे. लेकरं विचारतील, हत्यारावर एवढी नक्षी कामून? तर त्यांच्या समजुतीत प्रत्येक प्राण्यात इनुआ म्हणजे आत्मा असतो, आणि हत्यार देखणं केलं की प्राणी राजी होऊन शिकाऱ्याकडं येतो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या लेकराला हे दोन मिनटात कळतं, मी बघितलंय.

पहिला सील जमला की दुसऱ्या वडीवर एकात एक दोन गोल काढून बघा, आधी लहान, मग मोठा.