पणजीत गाडी नको, पाय वापरा

पणजीत गाडी घेऊन शिरलं की निम्मा वेळ एकेरी रस्ते आणि पार्किंग शोधण्यातच जातो. जुनी पणजी पायी बघायचीच आहे. मग असं करा:

१. गाडी पाटो भागातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा. बसने आलात तर कदंब स्टँड तिथेच आहे.
२. ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की फोंतेन्हास, म्हणजे पोर्तुगीज वळणाच्या घरांची जुनी वस्ती. सकाळी लवकर जा. पिवळ्या-निळ्या भिंतींवर ऊन कोवळं असतं, गर्दीही नसते. १८१८चं सेंट सेबॅस्टियन चॅपल उघडं असेल तर आत डोकवा. तिथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, हे सहसा दिसत नाही.
३. तिथून चढ चढून उतरलात की पायऱ्यांचं पांढरं चर्च, मग नदीकाठी जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा राजवाडा. शेजारी आबे फारिया या गोव्याच्या संमोहनतज्ज्ञ पाद्रीचा पुतळा.
४. पुढे धक्क्यावरून मांडवी नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट पकडा. पायी माणसाला तिकीट नाही. मांडवी बघायला मला तरी कर्कश गाण्यांच्या क्रूझपेक्षा हीच आवडते.

एक मात्र सांभाळा: फोंतेन्हासमधली घरं राहती आहेत. कुणाच्या पायरीवर बसून किंवा खिडकीत वाकून फोटो काढू नका.