पद्मिनीचा बंपर सुटसुटीत करताना या चुका टाळा

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. तिचा मूळ बंपर सडपातळ आहे. नंतर कोणी पाइपचा गार्ड लावला, कोणी आणखी काही. ते सगळं काढून, ओव्हररायडरची, म्हणजे बंपरवर बोल्टने बसवलेली उभी शिंगंही उतरवून साधा बंपर ठेवला की गाडीचा चेहरा मोकळा होतो. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणूनच ते बिघडलेलं बघवत नाही.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती शिंगं काढल्यावर उरलेल्या भोकांपायी. एका मुलाने ती पुट्टीने भरली, पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली आणि बंपर क्रोमचा मुलामा चढवायला दिला. अहो, क्रोम विजेवर चढतं, आधी तांबं, मग निकेल, वर क्रोम! पुट्टीतून वीज जात नाही, मग तिच्यावर तांबं बसणार कसं? त्यात जुना मुलामा उतरवायच्या ॲसिडने पुट्टी पोखरली. बंपर परत आला तो दोन खड्डे घेऊन. वेल्डिंगचे पैसे वाचवायला गेला आणि अख्ख्या क्रोमचा खर्च दुसऱ्यांदा केला. डोळे भरून आले होते त्याचे.

मी बंपर क्रोमवाल्याकडे दोनदा नेतो. पहिल्या खेपेला फक्त जुनं क्रोम आणि निकेल उतरवून आणतो, कारण त्यावर वेल्डिंग केलं तर धूर विषारी निघतो. मग तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची चकती कापून भोकात बसवतो. टाका मारायचा, थांबायचं, गार झालं की पुढचा. सलग वेल्डिंग केलं की पत्रा वाकतो. घासून झाल्यावर बंपर गाडीला लावून बघतो, दोन्ही बाजूंची फट बोटाने मोजतो आणि मगच क्रोमला देतो. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही नसतो. खालचा ओरखडा तो झाकत नाही, उलट चमकवून दाखवतो. या कामाला महिना लागतो. शनिवारी काढून रविवारी फिरायला निघणाऱ्यांनी बंपरला हात लावू नये.

गंजलेल्या बोल्टवर लगेच पाना चालवू नका. आदल्या रात्री त्यावर तेलाचे थेंब सोडा.

ब्रॅकेट, म्हणजे बंपर बॉडीला धरून ठेवणारी पट्टी, जुळत नाही म्हणून बॉडीला नवं भोक? कधीच नाही. ब्रॅकेट सरळ करून घ्या.

सगळे बोल्ट आधी ढिले लावा, बंपर रेषेत आणा, मग आवळा.

बंपरच्या पाठीला प्रायमर आणि रंग द्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज मागूनच येतो.