सीएनसी मशीन नेटवर्कवर घेण्याआधी

सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं कटिंग मशीन. ते नेटवर्कला जोडायचं तर केबल ओढायला माणूस बोलावण्याआधी ठरवा, तारेतून नेमकं काय जाणार? प्रोग्राम, ऑफसेट (टूल आणि जॉबच्या मापांची दुरुस्ती), अलार्म, जॉबची म्हणजे बनणाऱ्या भागांची मोजणी खुशाल जाऊ द्या. अक्षांची हालचाल मात्र क्षणाक्षणाला तारेवरून चालवायची नाही. अक्ष फिरवणाऱ्या सर्वो मोटरचा हिशोब मिलिसेकंदांत चालतो, आणि साध्या ऑफिस नेटवर्कवर एखादं पॅकेट पन्नास मिलिसेकंद रेंगाळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्ष हलवण्याचं काम कंट्रोलरचं, म्हणजे मशीनमधल्या संगणकाचं, त्याच्याकडेच राहू द्या.

मग कंट्रोलरचं मॅन्युअल उघडा. इथरनेट असेल तर एफटीपी (फाइल पाठवायची सोय) आहे का, नवं मशीन असेल तर एमटीकनेक्ट किंवा ओपीसी यूए (मशीनची माहिती देण्या-घेण्याच्या ठरलेल्या पद्धती) आहे का, ते बघा. एमटीकनेक्टवर फक्त माहिती वाचता येते, प्रोग्राम पाठवायला दुसरी वाट लागते.

जुन्या मशीनला आरएस-२३२ (जुना सिरियल पोर्ट) असेल तर जरा जास्त वेळ काढा. केबल १५ मीटरच्या आत ठेवा. अंतर जास्त असेल तर सिरियलचं इथरनेट करणारा डबा मशीनजवळच बसवा. बॉड (सेकंदाला जाणारे बिट), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट ही पोर्टची सेटिंग दोन्हीकडे एकसारखी हवी. प्लग लावता-काढताना दोन्हीकडची वीज बंद, नाहीतर पोर्ट जळू शकतो. मेमरी कमी म्हणून चालू कामातच प्रोग्रामच्या ओळी पुरवायच्या असतील तर आधी हिशोब करा. ९६०० बॉडला, एका अक्षरामागे ११ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं जातात. २५ अक्षरांची एक ओळ धरा, म्हणजे सेकंदाला ३५ ओळी. साच्याच्या वळणात एकेक ओळ ०.१ मिमीची असेल तर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला २१० मिमीच्या वर जाणारच नाही, प्रोग्राममध्ये २००० लिहिलं तरी. मशीन अडखळत चालतं आणि सगळे टूलला दोष देतात.

पॅरामीटर (मशीनची सेटिंग), ऑफसेट आणि सगळ्या प्रोग्रामचा बॅकअप आधी काढा. मेमरी टिकवून ठेवणारी बॅटरी किती जुनी आहे तेही विचारा. ती कधी बदलली ते बहुतेक कुणालाच आठवत नसतं.

इमर्जन्सी स्टॉप थेट तारेनेच जोडलेला हवा, दरवाजाचा इंटरलॉकसुद्धा (दार उघडलं की मशीन थांबवणारा स्विच). स्क्रीनवरचं लाल बटण हे निव्वळ चित्र आहे. सायकल स्टार्ट म्हणजे प्रोग्राम सुरू करायचं बटणही मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ठेवा. कॅमेऱ्यात चक (जॉब पकडणारा जबडा) दिसतो, पण चकात विसरलेली चावी दिसेलच असं नाही.

मशीनचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं काढा, प्रत्येक मशीनला स्थिर आयपी द्या, कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची सुरक्षित खाजगी वाट. राउटरवर थेट पोर्ट उघडणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं, त्यात जुन्या विंडोजवर चालणारं मशीन असेल तर बोलायलाच नको.

आता चाचणी. पाठवलेला प्रोग्राम परत मागवून मूळ फाइलशी ताडून बघा. अर्धवट आलेल्या प्रोग्रामला शेवटचा एम३० (प्रोग्राम संपल्याचा कोड) नसतो. त्यानंतर जॉब न लावता, टूल वर उचलून, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करत चालवा. चालू कामात ओळी पुरवणार असाल तर मध्येच मुद्दाम केबल ओढा. ओळी संपल्या की अक्ष थांबतात, स्पिंडल (मशीनचा मुख्य फिरणारा दांडा) मात्र फिरतच राहतो. खऱ्या जॉबवर टूल त्याच जागी घासत बसलं असतं. कंट्रोलर अलार्म देतो का, किती वेळाने देतो, आणि पुन्हा सुरू करायला कितव्या ओळीवर जावं लागतं, हे ऑपरेटरच्या हातानेच लिहून घ्या आणि तो कागद मशीनच्या दारावर चिकटवा.